रक्तदात्याचं नाव रजिस्टरमध्ये

गोव्यातल्या म्हापशाच्या आसपास आजही जुने लोक भेटतात ज्यांना डॉमिनिक डिसोझा आठवतो, आणि बहुतेक जण पहिलं वाक्य तेच बोलतात, की भारतातला पहिला एड्सचा पेशंट ना तो. आता हे तसं चूकच आहे, कारण भारतात एचआयव्हीच्या पहिल्या केसेस 1986 मध्ये चेन्नईत सापडल्या होत्या, डॉक्टर सुनीती सॉलोमन यांच्या टीमला. तो गोव्यातला, देशाला नावानिशी कळलेला पहिला माणूस होता असं म्हणा हवं तर. पण मला विचाराल तर त्याची ओळख पेशंट म्हणून करून देणं हेच मुळात अर्धवट आहे. तो आधी व्हॉलंटियर होता आणि शेवटीही व्हॉलंटियरच होता, मधे जे झालं ते त्याच्यावर लादलं गेलं.

पर्रा गावचा मुलगा. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या गोव्यातल्या ऑफिसात नोकरी, संध्याकाळी नाटकाच्या तालमी, आणि रक्तदान नियमित. कुणी बोलावलं की जायचा. त्या काळात रक्त देणारे लोक मुळात कमी, त्यामुळे असा एखादा ठरलेला डोनर म्हणजे ब्लड बँकेला केवढा आधार. आणि याच सवयीमुळे तो सापडला. त्याने दिलेल्या रक्ताची टेस्ट झाली आणि ती पॉझिटिव्ह आली.

हे त्याला कुणी बसवून सांगितलं नाही. 14 फेब्रुवारी 1989 ला पोलीस आले, आधी पोलीस स्टेशन, मग तिथून हॉस्पिटल. का आणलंय, काय झालंय, काही पत्ता नाही. तिथे टेबलावर एक रजिस्टर उघडं पडलं होतं, त्यात त्याला स्वतःचं नाव दिसलं आणि नावाजवळ लिहिलेलं, एड्स. बास. आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी त्याने अशी एका रजिस्टरमधून वाचली. (आणि तेही चुकीचं लिहिलेलं, एचआयव्ही पॉझिटिव्ह असणं आणि एड्स होणं यात कितीतरी वर्षांचं अंतर असू शकतं, पण तेव्हा हा फरक करायला कुणाला वेळ होता.)

तिथून त्याला नेलं एका बंद पडलेल्या टीबी सॅनेटोरियममध्ये. बाहेर पोलिसांचा पहारा, आत हा एकटा. 64 दिवस. गुन्हा काही नाही, कोर्टाची शिक्षा नाही, फक्त गोव्याच्या पब्लिक हेल्थ ॲक्टमधलं एक कलम, जे सांगत होतं की एचआयव्ही सापडलेल्या माणसाला वेगळं ठेवायचं. स्पर्शाने, एका ताटात जेवून, शेजारी बसून हा व्हायरस पसरत नाही हे डॉक्टरी जगाला तेव्हाही माहीत होतं. कायदा मात्र वेगळ्याच भीतीवर चालला होता.

त्याची आई, ल्युसी डिसोझा, त्यांनी सरकारविरुद्ध मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठात याचिका टाकली. ही गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतोय, कारण घरात असं काही कळलं की बहुतेक घरं दार लावून घेतात, आणि इथे एक आई स्वतःच्या नावाने कोर्टात उभी राहते म्हणजे सगळ्या गोव्याला कळणारच होतं. वकील आनंद ग्रोव्हर, पुढे एचआयव्हीच्या हक्कांसाठी देशभर लढले ते हेच. मित्रमैत्रिणी, नाटकाच्या ग्रुपमधली मंडळी रस्त्यावर उतरली. डॉमिनिक बाहेर आला, सक्तीचा विलगीकरणाचा नियम थोडा सैलही झाला, पण निकाल काही आईच्या बाजूने लागला नाही. कोर्टाचं म्हणणं पडलं की व्यक्तीचा हक्क आणि लोकांचं हित यात टक्कर झाली तर हक्काने माघार घ्यायची. म्हणजे माणूस सुटला आणि केस हरली. विचित्रच.

आता सुटल्यावर एखादा माणूस काय करेल? मी असतो तर गाव सोडून कुठेतरी गेलो असतो जिथे कुणी ओळखत नाही. हा तिथेच राहिला आणि उघडपणे बोलायला लागला. नाव लपवलं नाही, चेहरा लपवला नाही. 1992 मध्ये त्याने मित्रमैत्रिणींना घेऊन पॉझिटिव्ह पीपल नावाची संस्था सुरू केली, एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांच्या पाठीशी उभी राहणारी, आणि ती सुरू करणारा स्वतः त्याच रांगेतला.

अशा माणसालाच पिअर काउन्सेलर म्हणतात. म्हणजे शिकलेला सल्लागार वेगळा, त्याचीही गरज आहेच, पण जो स्वतः त्यातून गेलाय त्याच्यासमोर माणूस वेगळं बोलतो. आज एखाद्या तपासणी केंद्रात जाऊन बघा. रिपोर्ट हातात आल्यावर लोक व्हायरसबद्दल क्वचितच विचारतात. विचारतात ते हे, की घरी कळेल का, मुलांचं ताट वेगळं करायचं का, बायकोला कसं सांगू, लग्न मोडेल का. डॉक्टर बरोबर उत्तर देतात, पण समोर बसलेला माणूस जेव्हा म्हणतो की मीही असाच बसलो होतो हो, आणि बघा, रोजची गोळी घेतो आणि कामावर जातो, तेव्हा ऐकणाऱ्याचे खांदे जरा खाली येतात. ते कुठल्या पत्रकात छापून देता येत नाही.

आणि आता टेस्टच्या आधी बोलतात, टेस्टच्या नंतर बोलतात, बंद खोलीत, रिपोर्ट तुमच्या हातात, दुसऱ्या कुणाच्या नाही. संमतीशिवाय टेस्ट करायची नाही आणि गोपनीयता पाळायची हे आता कायद्यात आहे. 2017 चा एचआयव्ही एड्स कायदा, लागू झाला 10 सप्टेंबर 2018 पासून, त्यात एचआयव्ही आहे म्हणून माणसाला वेगळं काढून ठेवणं हा भेदभाव ठरवलाय. उघड्या रजिस्टरपासून इथपर्यंत यायला एकोणतीस वर्षं लागली.

डॉमिनिकला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. संस्था सुरू झाली त्याच वर्षी, मे 1992 मध्ये, तो मुंबईत वारला. वय तिशीच्या आसपास. देशाचा राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तोही 1992 मध्येच. एकत्र औषधांचा उपचार, ज्याने हा आजार आवाक्यात आला, तो जगात आला 1996 ला, आणि भारतात सरकारी केंद्रांवर मोफत मिळायला लागला 1 एप्रिल 2004 पासून. चार वर्षं आधी औषध आलं असतं तर, असं मनात येतंच, आणि मग त्या वर्षांत गेलेले बाकीचे सगळे आठवतात ज्यांची नावं कुणी घेत नाही.

मागे राहिलेल्या मित्रमैत्रिणींनी काम चालू ठेवलं. 1997 मध्ये पॉझिटिव्ह लोकांचं देशपातळीवरचं नेटवर्क उभं राहिलं, मग राज्याराज्यांत, जिल्ह्याजिल्ह्यांत गट झाले, औषध सुटलेल्या माणसाला शोधून घरी जाऊन समजावून परत केंद्रावर आणणारे बरेचसे लोक आज याच गटांतले असतात, मानधन थोडं, पायपीट भरपूर. त्यातल्या कित्येकांनी डॉमिनिकचं नाव ऐकलेलंही नसेल.

तुम्हाला किंवा ओळखीत कुणाला काही विचारायचं असेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. नाव सांगावं लागत नाही, पैसे पडत नाहीत.