पीएचडीची फी: घरचा दर, बाहेरचा दर

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आपल्या सीमाभागात घरोघरी वेगळाच हिशेब सुरू होतो. मुलीला बेळगावातच घालायचं की कोल्हापूर-पुण्याला पाठवायचं? वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात तिथलेच उमेदवार म्हणून धरतात खरे, पण गावाचा दाखला आणि मातृभाषेचा दाखला गोळा करताना बापाच्या चपला झिजतात. आपलं नाव कुणाच्या यादीत बसतं यावर पुढचं सगळं ठरतं, हे निपाणी-खानापूरच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

परदेशी विद्यापीठांतही बऱ्याच ठिकाणी असाच मामला असतो. तिथल्या मुलांना एक फी, आणि बाहेरून आलेल्यांना दुसरी, कित्येक पट. एमएससाठी गेलेल्या मुलांचे आईबाप शेत गहाण टाकतात ते या दुसऱ्या फीपायी. पण पीएचडीला हा भेद अनेक देशांत मोडतो, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी पोचलेली नाही.

न्यूझीलंड घ्या. २००६ पासून तिथल्या विद्यापीठांत पीएचडीच्या नव्या परदेशी विद्यार्थ्याला स्थानिक मुलांचीच फी लागते. अट एवढीच की तिथे राहून संशोधन करायचं. कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठानं २०१८ पासून पीएचडीच्या बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना तिथल्याच मुलांचा दर लावला. फ्रान्सचं उदाहरण तर बोलकं आहे. २०१९ मध्ये त्यांनी युरोपबाहेरच्या मुलांची फी वाढवली: पदवीला वर्षाला २,७७० युरो, मास्टर्सला ३,७७०. पीएचडीला मात्र हात लावला नाही. तिथे तेव्हा सगळ्यांनाच ३८० युरो होते. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं २०१७ पासून बाहेरच्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो लावले, त्यातूनही पीएचडीवाले वगळले. स्वीडन-फिनलंडमध्ये मास्टर्सला फी आहे, पीएचडीला नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढी दानत कुठून आली? दानत वगैरे काही नाही हो. मास्टर्सची मुलं म्हणजे विद्यापीठाची कमाई, आणि पीएचडीची मुलं म्हणजे राबणारे हात. प्रयोगशाळा रात्री दहाला चालू असते ती त्यांच्यामुळे, लहान वर्गांचे पेपर तपासतात तेही तेच. जर्मनीत तर कितीतरी जण सरळ नोकरीच्या करारावर पीएचडी करतात. अर्ध्या किंवा पाऊण पगारावर, पण विमा आणि कर कापून नियमित पगार. म्हणून तिथे आधी प्रवेश शोधायचा नसतो, आधी गाईड शोधायचा. आपल्या विषयाचं कोण काय करतंय ते वाचायचं आणि नेमका मेल लिहायचा. ‘आदरणीय महोदय, मला संधी द्यावी’ असा एकच मेल शंभर जणांना धाडला तर उत्तर येत नाही, यायलाही नको.

कॉलेज रोडवरच्या एजंटाकडे जाल तर तो तुम्हाला मास्टर्सच दाखवील. त्याला दोष देत नाही, पण मुलाच्या प्रवेशामागे त्याला कमिशन मिळतं ते बहुधा पदवी-मास्टर्सचं. पीएचडीत त्याचं काही सुटत नाही.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथे पीएचडीची फी कागदावर भली मोठी दिसते, पण शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम, म्हणजे असिस्टंटशिप मिळाली की बहुधा ती माफ होते आणि वर महिन्याला पैसेही मिळतात. गोम अशी की ही माफी त्या कामाला बांधलेली. गाईडचं अनुदान संपलं, काम गेलं, की फीचा प्रश्न पुन्हा दारात. २०१७ मध्ये तर या माफ फीलाच उत्पन्न समजून कर लावायचा प्रस्ताव तिथल्या प्रतिनिधिगृहानं मंजूर केला होता. विद्यार्थ्यांनी रान उठवलं, आणि अंतिम कायद्यात ते कलम राहिलं नाही.

फी माफ झाली म्हणजे खर्च संपला असंही नाही. जर्मनीत सेमिस्टरची वर्गणी भरावीच लागते, आरोग्यविमा लागतो. पगाराचा करार किंवा शिष्यवृत्ती हाती नसेल तर व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. हा २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा आकडा. न्यूझीलंडचा ‘स्थानिक दर’ही शून्य नव्हे, वर्षाला काही हजार डॉलर आहेतच.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर आपली पुन्हा तीच अडचण. महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्यांना महाराष्ट्राचा रहिवास लागतो, तिथे ८६५ गावांची मात्रा चालेल असं धरून बसू नका. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपला राज्याची आडकाठी नाही. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ती आहे. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं. मात्र २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास अशा विषयांना ती परदेशात मिळत नाही. मला हा नियम मुळीच पटत नाही, पण अर्ज करणाऱ्यानं तो आधी वाचलेला बरा.

प्रवेशाचं पत्र आलं की उत्तर देण्याआधी विद्यापीठाला तीन गोष्टी लेखी विचारा. सवलत किती वर्षांची? प्रबंध लांबला तर चौथ्या-पाचव्या वर्षी कुठला दर? आणि गाईड बदलला किंवा गेला, तर सवलत राहते की जाते? फोनवर ‘हो, हो’ म्हटलेलं धरू नका, मेलवरच घ्या.

नमस्कार.