कोणाच्या दाराशी जायचे?

अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, भारतातून आलेले सर्व आई-बाबा आणि मित्रहो,

कोजागिरीला दूध आटेपर्यंतचा वेळ आपल्या मंडळात परंपरेने सूचनांसाठी राखून ठेवलेला असतो, आणि त्या सूचना कोणी ऐकायच्या नसतात, हीही परंपराच आहे. यंदा पानगळीच्या दिवसांतील बातम्या आणि सुरक्षिततेच्या सूचना सांगण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा गेल्या वर्षीचाच कागद तारखा बदलून वाचून दाखवावा, असे मी ठरवले होते. तो कागद मी घरी ठेवून आलो आहे, कारण मागच्या आठवड्यात माझ्या आठ वर्षांच्या मुलीने शाळेतून दुसराच एक कागद आणला आणि तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

शिकागोची मोठी आग ८ ऑक्टोबर १८७१ रोजी लागली. तिच्या स्मरणार्थ ऑक्टोबरमध्ये इथे अमेरिकेत अग्निप्रतिबंध सप्ताह पाळतात. राष्ट्रीय सप्ताह म्हणून तो पहिल्यांदा १९२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी जाहीर केला. (त्या आगीचा ठपका एका गायीवर ठेवला गेला होता आणि शिकागोच्या नगर परिषदेने तिला १९९७ मध्ये दोषमुक्त केले. आपल्याकडच्या खटल्यांच्या मानाने हा काही फार उशीर नव्हे.) या सप्ताहात अग्निशामक दलाचे लोक शाळेत येतात, मुलांना बंबात बसवतात आणि जाताना घरी भरून आणायचा एक कागद देतात. त्यावर घराचा नकाशा काढायचा, प्रत्येक खोलीतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा दाखवायच्या, बाहेर सर्वांनी कुठे जमायचे ते ठरवायचे आणि ज्या शेजाऱ्याच्या दाराशी मदतीला जायचे त्याचे नाव लिहायचे.

मुलीने नकाशा मन लावून काढला होता, अगदी आजीच्या पलंगाखालच्या बॅगांसकट. शेजाऱ्याच्या नावाची ओळ मात्र कोरी होती. ती मला म्हणाली, “बाबा, बाहेर पडल्यावर कुणाच्या दाराशी जायचं? आपल्याला तर इथे कुणीच ओळखत नाही.” मी म्हटले, “अगं, आपल्याला मंडळातले तीनशे लोक ओळखतात.” त्यावर तिने शांतपणे उत्तर दिले, “हो, पण त्यांना यायला हायवे लागतो.”

या घरात आम्ही अकरा वर्षे राहत आहोत. अकरा वर्षांत या सभागृहातील प्रत्येकाच्या मुलाची मुंज, कोणाचा गुडघा बदलला आणि कोणाच्या पुण्याच्या फ्लॅटचा ताबा अडकला आहे, हे मला ठाऊक झाले. समोरच्या घरात राहणाऱ्या गृहस्थांचे आडनाव ठाऊक नव्हते.

पुढचा प्रश्न त्याहून वाईट निघाला. नकाशावर स्मोक अलार्म कुठे कुठे आहेत ते दाखवायचे होते आणि स्वयंपाकघराजवळच्या छतावर नुसतीच तबकडी दिसत होती. त्या तबकडीवरचा अलार्म गणपतीपासून खणात, हिंगाच्या डबीशेजारी पडून होता. आई भारतातून आल्यावर पहिल्याच दिवशी फोडणीचा खाट उठला, अलार्म केकाटला, आई घाबरली, आणि मी स्टुलावर चढून बॅटरीसकट तो उतरवला. मी पोटापाण्यासाठी कारखान्यांतील धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणा तपासतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. ते आज विसरावे, अशी नम्र विनंती आहे. मुलीने तो अलार्म हातात घेऊन उलटा केला आणि मागे छापलेले साल वाचले : २००९. हे यंत्र साधारण दहा वर्षांनी बदलायचे असते, मग ते वाजत असो वा नसो. म्हणजे आम्ही घर घेतल्यानंतर थोड्याच वर्षांत ते म्हातारे झाले होते, आणि मी उतरवले ते बहुधा फोडणीपुरतेच जागे होत होते.

ज्यांनी आपल्या घरातला अलार्म उतरवला आहे किंवा त्यावर आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवली आहे, त्यांनी हात वर करावेत, असे मी आत्ताच विचारले. प्रथम तीन हात वर झाले. मग काही गृहिणींनी आपापल्या यजमानांचे हात धरून वर केले आणि मोजदाद सोडून द्यावी लागली. मित्रहो, फोडणी सोडायची नाही. अलार्म शेगडीपासून किमान दहा फूट दूर बसवावा, स्वयंपाकघराच्या जवळपास फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने धूर ओळखणाऱ्या प्रकारचा घ्यावा, कारण तो स्वयंपाकाच्या धुराने उगाच कमी वाजतो, आणि खोटा वाजलाच तर त्यावरचे शांत करण्याचे बटण दाबावे. ते काही मिनिटांपुरते त्याला गप्प करते. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, त्या खोल्यांच्या बाहेर एक आणि तळघरासह प्रत्येक मजल्यावर एक, असा हिशेब आहे. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहायचे. कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर पाणी मुळीच ओतायचे नाही. वरून झाकण सरकवायचे आणि गॅस बंद करायचा.

कोऱ्या ओळीकडे परत येतो. रविवारी सकाळी मुलीचा हात धरून मी समोरच्या दाराशी गेलो. दार उघडणारे गृहस्थ ऐंशीच्या घरातले, एकटे राहणारे. आमच्या कुटुंबाने संकटाच्या वेळी त्यांच्या मेपलच्या झाडाखाली जमावे का, असे मी विचारल्यावर ते हसले आणि म्हणाले की, मी तुमच्याकडे दोनदा येऊन गेलो आहे, पण घरात कोणी नव्हते. घरात आम्ही होतो. दोन्ही वेळा बेलच्या कॅमेऱ्यात ते फोनवर स्पष्ट दिसले होते, आणि कोणीतरी काहीतरी विकायला आले असावे असे समजून आम्ही टीव्हीचा आवाज बंद करून, श्वास रोखून, सोफ्यावर बसून राहिलो होतो. आमच्या गॅरेजचे दार रात्री उघडे राहिले आहे, एवढेच सांगायला ते आले होते. मुलगी माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, तिचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही.

गॅरेजचा विषय निघाला आहे, म्हणून सोन्याबद्दल बोलतो. या देशात अनेक शहरांत दक्षिण आशियाई कुटुंबांवर पाळत ठेवून, घरात सोने असते हे जाणून चोऱ्या झाल्या आहेत, आणि ठिकठिकाणच्या पोलिसांनी तसे जाहीर इशारेही दिले आहेत. तरीही दिवाळीच्या कार्यक्रमाला आपण विमानतळावरून आणि सभागृहातून फोटो टाकतो, म्हणजे घर रिकामे कधी आहे आणि दागिना कोणता आहे, दोन्ही एकाच ठिकाणी कळावे. सणानंतर दागिने बँकेच्या लॉकरमध्ये परत जाऊ द्यावेत, फोटो परत आल्यावर टाकावेत, आणि गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जावे. पण त्यासाठी शेजारी ओळखीचा हवा, म्हणजे मी पुन्हा त्याच कागदावर आलो.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळे एक तास मागे जातील. झोप एक तास जास्त मिळते याचा आनंद सोमवारी संध्याकाळी ओसरतो, कारण पाच-साडेपाचला अंधार होतो आणि नेमक्या त्याच वेळी आपले आई-बाबा फेरफटका मारायला निघतात, बाबा तपकिरी स्वेटरमध्ये आणि आई काळ्या शालीत. चालकाला ते दिसतच नाहीत. प्रकाश परावर्तित करणारी पट्टी किंवा जाकीट सहज मिळते. ते विद्रूप दिसते, ही त्यांची तक्रार मान्य करून तरीही घालायला लावावे. जिथे पदपथ नाही, तिथे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, म्हणजे डाव्या बाजूने चालायचे असते, आणि ‘डावीकडून चला’ ही आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांची सवय इथे आयती उपयोगी पडते. रस्ता ओलांडताना मात्र तीच सवय घात करते. जन्मभर आपण आधी उजवीकडे पाहिले. इथे पहिली गाडी डावीकडून येते. माझे वडील हयात असताना एकदा उजवीकडे नीट पाहून निश्चिंतपणे रस्त्यावर उतरले होते, आणि त्या गाडीचा कर्णा मला अजून ऐकू येतो.

याच दिवसांत हरणे माजावर असतात आणि पहाटे किंवा सांजावताना भान विसरून रस्त्यावर येतात. एक ओलांडून गेले की मागून दुसरे येणार, असे धरून चालावे. जोरात ब्रेक लावावा, पण वाचवायला गाडी बाजूला वळवू नये, कारण झाड किंवा समोरची गाडी हरणापेक्षा कठीण असते. रस्त्याकडेला लोटलेल्या पानांच्या ढिगातून गाडी नेऊ नये. त्यात मुले लपलेली असू शकतात. वाळक्या पानांवर तापलेली गाडीही उभी करू नये, खालच्या उष्णतेने पाने पेटतात. पणत्यांचेही तेच. कठड्यावर पणत्यांची ओळ, खाली पायरीवर साचलेली पाने, आणि आपण सगळे मंडळाच्या कार्यक्रमाला, असे करू नये.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल गेल्या महिन्यात मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना टाकली होती. तिला एक अंगठा मिळाला, तोही माझ्या बायकोचा. त्याच दिवशी दिवाळीच्या फराळात चकली भाजणीची असावी की तांदळाची, यावर रात्री दीडपर्यंत चर्चा चालली होती. हा वायू विषारी, पण त्याला रंग नाही, वास नाही. थंडीच्या आधी घर गरम ठेवणारी फर्नेस तपासून घ्यावी, गॅरेजचे दार उघडे ठेवूनसुद्धा आत गाडी गरम करू नये, वीज गेली तर जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब ठेवावा आणि कोळशाची शेगडी कधीही घरात आणू नये. घरातील सर्वांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळू लागले आणि ताप मात्र कोणालाच नसेल, तर क्रोसिन शोधत बसू नये; बाहेर पडावे आणि ९११ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला, फोन करावा.

कार्यकारिणीलाही एक बोलून घेतो, आणि मी तिच्यात पाच वर्षे होतो, म्हणून हे बोलणे मलाही लागू आहे. आपल्या प्रत्येक कार्यक्रमात बाहेर पडायच्या दरवाजापुढे चपलांचा डोंगर, बाबागाड्या आणि केटररचे टेबल असते. आत्ताही मागे वळून पाहिलेत तर दिसेल. दूध येण्यापूर्वी तेवढे हलवूया.

आता जे मला खरोखर सांगायचे आहे, ते. परवा शनिवारी दुपारी आम्ही घरी सराव केला. नवा अलार्म बसवला होता. मुलीने बटण दाबले, आम्ही तिघे धावत मेपलखाली गेलो, आणि समोरचे आजोबा हातात घड्याळ घेऊन उभे राहिले. हल्लीच्या घरांत आग लागल्यावर सुरक्षित बाहेर पडायला कधी कधी दोनच मिनिटे मिळतात, असे शाळेत सांगितले होते. दोन मिनिटे झाली, तीन झाली. आई बाहेर आली नाही. आत जाऊन पाहिले, तर खोलीचे दार लावलेले, श्रवणयंत्र उशाशी डबीत, आणि ती गाढ झोपलेली. नेहमीच्या अलार्मचा आवाज ३,००० हर्ट्‌झच्या आसपासचा, म्हणजे अगदी बारीक पट्टीतला असतो, आणि वयाबरोबर कान नेमके तेच स्वर आधी गमावतात, हे मला माझ्या व्यवसायामुळे माहीत असायला हवे होते.

दुसऱ्या वेळी तिला आधी सांगून ठेवले. तिने आवाज ऐकला, गॅस बंद आहे ना ते पाहिले, शाल शोधली, देवघरातला बाळकृष्ण पदरात घेतला आणि साडेचार मिनिटांनी बाहेर आली. मी रागावलो. ती म्हणाली, “देवाला आत टाकून मी एकटी बाहेर येऊ होय रे?” समोरच्या आजोबांनी ती काय म्हणाली असे विचारले, आणि ते मला इंग्रजीत सांगता येईना.

ढाल्या, ५२० हर्ट्‌झच्या स्वरात वाजणारा आणि पलंग हलवणारा अलार्म मी मागवला आहे. ज्यांच्याकडे आई-बाबा आले आहेत, त्यांनी त्याचा विचार करावा. घराचा पूर्ण पत्ता मराठी अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावा. ९११ ला इंग्रजी येत नसले तरी फोन करता येतो, अनेक ठिकाणी दुभाषा जोडून देतात. “मराठी” किंवा “हिंदी” एवढा शब्द उच्चारायचा आणि फोन ठेवायचा नाही, हे त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्यावे.

मुलीचा कागद आता भरला आहे. शेजाऱ्याच्या ओळीवर समोरच्या आजोबांचे नाव आहे. त्याखाली आणखी एक ओळ होती, जी मी आधी नीट वाचली नव्हती : घरात ज्यांना स्वतःहून बाहेर पडता येणार नाही, त्यांना कोण बाहेर आणणार? इंग्रजी कागदावर तिने तिथे पेन्सिलीने, आपल्या मराठी शाळेत शिकवतात तशा ठसठशीत अक्षरात, “मी” असे लिहिले आहे. मी तिला म्हटले, अगं, पेटत्या घरात परत जायचे नसते, हेच तर त्यांनी शिकवले ना? ती म्हणाली, “मी परत जाणारच नाही. मी आजपासून आजीच्या खोलीतच झोपणार.” आणि तिने गादी ओढत नेली.

ती रात्रीपुरती व्यवस्था झाली. दुपारी आम्ही दोघे कामावर असतो, मुलगी शाळेत असते आणि आई घरात एकटी असते. कागद सोमवारी परत द्यायचा आहे, आणि खाली पालकाच्या सहीची जागा मी अजून भरलेली नाही.