समश्लोकी की टीका? इंग्रजीतला लाओ त्झू

मंडळी, विषय आपण बाहेरच्या फलकावर वाचलाच आहे. 'ताओ ते चिंग' या, लाओ त्झू ह्या प्राचीन चिनी ज्ञान्याच्या नावावर असलेल्या ग्रंथाची इंग्रजी भाषांतरं. मूळ ग्रंथ केवढा? 81 छोटी प्रकरणं, साधारण 5 हजार चिनी अक्षरं. आणि एकट्या इंग्रजीत त्याची शंभराच्या वर भाषांतरं झाली आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, कारण बोलता बोलता मी लांब जाते हे इथल्या नेहमीच्या मंडळींना ठाऊक आहे. आपल्याकडे 'समश्लोकी', म्हणजे श्लोकाला श्लोक असं भाषांतर, वेगळी आणि 'टीका', म्हणजे अर्थ उलगडणारं भाष्य, वेगळी. वामन पंडितांनी गीता हाती घेतली तेव्हा समश्लोकी स्वतंत्र केली आणि 'यथार्थदीपिका' स्वतंत्र लिहिली. वाचणाऱ्याला कळतं की इथे श्लोक बोलतोय आणि तिथे पंडित बोलताहेत. लाओ त्झूच्या बाबतीत इंग्रजीत ही मेर, दोन शेतांमधल्या बांधासारखी सीमा, पुसली गेली आहे. ती आपण वाचताना पुन्हा घालून घ्यावी, एवढाच माझा आग्रह आहे.

पण इंग्रजीकडे वळण्याआधी ह्युएन त्संगची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग आपल्या ओळखीचा आहे. पुलकेशीच्या राज्यात आला, आणि इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान झाला तर सूड घेतात, असं लिहून गेला. (तुम्ही हसताय म्हणजे पटलेलं दिसतंय.) लढाईला निघताना इथले लोक हत्तींनाही दारू पाजत, हेही त्यानंच लिहून ठेवलंय. हा ह्युएन त्संग 645 साली चीनला परतला. पुढे चिनी दूत कामरूपला, म्हणजे आजच्या आसामात, भास्करवर्मा राजाकडे गेले. राजानं त्यांच्याकडे मागितलं काय? लाओ त्झूचं चित्र आणि त्याच्या ग्रंथाचं संस्कृत भाषांतर!

647 साली सम्राट ताइत्सुंगची आज्ञा सुटली आणि काम पडलं ह्युएन त्संगच्या गळ्यात. आता बघा, हा कडवा बौद्ध भिक्षू, आणि मदतीला दिलेले सगळे ताओपंथी. त्यांत छेंग श्वानयिंगसारखा मोठा भाष्यकार. पहिल्याच शब्दावर बैठक अडली. 'ताओ'ला संस्कृतात काय म्हणायचं? ताओपंथी म्हणाले, 'बोधी' म्हणा. त्यांचंही चूक नव्हतं, कारण चीनमधल्या जुन्या बौद्ध भाषांतरांत 'बोधी'साठी 'ताओ' हाच शब्द वापरला गेला होता. ह्युएन त्संग म्हणाला, मुळीच नाही. बोधी म्हणजे जाग येणं, ताओ म्हणजे ज्यावरून चालायचं ते. शब्द 'मार्ग'च. ताओपंथी बौद्ध शास्त्रांतल्या परिभाषेचा आधार घेऊ लागले, तोही त्यानं नाकारला. दोन ग्रंथांचे सिद्धान्त निराळे आहेत, तर एकाची भाषा दुसऱ्याच्या तोंडी कशी घालायची, असा त्याचा मुद्दा.

मला हा माणूस इथे फार मोठा वाटतो. ज्या पंथाशी आपलं जमत नाही, त्याचा ग्रंथ आपल्या रंगात बुडवून पाठवायची आयती संधी समोर होती. त्यानं ती घेतली नाही. शेवटी प्रश्न आला प्रस्तावनेचा. परंपरेनं चालत आलेल्या प्रस्तावनेत दातांवर दात वाजवणं, लाळ गिळणं असे दीर्घायुष्याचे प्रयोग होते. ते मात्र मी भाषांतरित करणार नाही, असं त्यानं साफ सांगितलं. हे भारतात नेलं तर शोभणार नाही, अशी त्याची भावना. म्हणजे त्याचाही हात कुठेतरी थांबलाच. पण जे गाळलं ते सर्वांसमोर, कारण सांगून गाळलं. ते संस्कृत भाषांतर आज उपलब्ध नाही. याची मला मनापासून हळहळ वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, मग भरभर जाऊ.

इंग्रजीतलं पहिलं छापील भाषांतर जॉन चामर्स या मिशनऱ्याचं, 1868 सालचं. मग 1891 साली जेम्स लेग. मॅक्स म्युलर यांच्या ज्या पौर्वात्य धर्मग्रंथमालेत आपल्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांची इंग्रजी गीता 1882 साली आली, त्याच मालेत लेगचा लाओ त्झू आहे. लेगनं काही ठिकाणी ओढूनताणून यमकं जुळवली आहेत, ती वाचवत नाहीत. पण पदरचा शब्द घातला की तो कंसात टाकतो. त्यानं मेर राखली. 1934 साली आर्थर वेली आणि 1963 साली डी. सी. लाउ यांनी ती आणखी पक्की केली.

आता स्टीफन मिचेल, 1988. त्यांना चिनी येत नाही. अनेक वर्षांची झेन साधना आणि इतरांची भाषांतरं यांच्या बळावर त्यांनी पुस्तक केलं, आणि ते प्रचंड खपलं. 46वं प्रकरण घ्या. मुळात असं आहे की जगात ताओ नांदतो तेव्हा वेगवान घोडे शेणखताच्या कामाला लागतात, आणि नांदत नाही तेव्हा लढाईचे घोडे वेशीबाहेर जन्मतात. 'मीठ आणि लोखंड' या चीनच्या हान राजवटीतल्या वादसंग्रहात याचा जो अर्थ लागतो तो अंगावर येतो. युद्धं इतकी चालली की घोडे पुरेनात, मग गाभण घोड्या रणात नेल्या आणि शिंगरं रणभूमीवरच जन्मली. मिचेल यांच्याकडे काय आहे? कारखान्यांत ट्रक आणि ट्रॅक्टर बनतात, नाहीतर शहराबाहेर क्षेपणास्त्रांच्या स्फोटकांचे साठे होतात. शेण गेलं, घोडी गेली, ते शिंगरू गेलं. पाचव्या प्रकरणातले गवताचे कुत्रेही गेले. पूजेआधी भरजरी वस्त्रात गुंडाळायचे आणि पूजेनंतर पायदळी तुडवायचे, ते कुत्रे. लाओ त्झूचे शब्द नव्हे तर मन भाषांतरित करायचं होतं, असं मिचेल प्रस्तावनेत म्हणतात, आणि ते प्रामाणिकपणे म्हणतात. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सुविचाराला प्रस्तावना नसते. तिथे ट्रॅक्टर थेट लाओ त्झूच्या नावावर जातो. याचा मला राग येतो.

ज्ञानेश्वर 'भाष्यकारातें वाट पुसतु' म्हणून सांगतात, टीका आहे ती टीका म्हणूनच देतात. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांनाही चिनी येत नव्हतं. 1997 सालच्या आपल्या पुस्तकाला त्यांनी भाषांतर म्हणायचंच नाकारलं, आणि गवताचे कुत्रे जागेवर ठेवले.

शेवटचं, अगदी दोन वाक्यांत. 1973 साली चांग्शाजवळ मावांगतुई इथल्या, इसवी सनपूर्व 168 मध्ये बंद केलेल्या थडग्यात या ग्रंथाच्या रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती मिळाल्या, आणि त्यांत ग्रंथाच्या दोन भागांपैकी 'ते'चा भाग आधी, 'ताओ'चा नंतर! त्यावरून रॉबर्ट हेन्रिक्स यांनी 1989 साली भाषांतर केलं. 1993 साली हुबेमधल्या क्वोत्येन इथे बांबूच्या पट्ट्या निघाल्या, त्या आणखी जुन्या, पण त्यांत ग्रंथाचा निम्म्याहून कमी भाग. म्हणजे समश्लोकी करायची तर कोणत्या श्लोकाशी, हा प्रश्न आता चिनी अभ्यासकांपुढेही आहे. त्यावर खरं म्हणजे आज बोलायचं होतं, ते राहिलं. लाउ, हेन्रिक्स आणि ले ग्विन, तिन्ही पुस्तकं मी टेबलावर ठेवली आहेत. चहाच्या वेळात तिन्हींतलं 46वं प्रकरण उघडून बघा, मग प्रश्न घेऊ.