डोंगरातला वारा आणि मैदानातला धूर

नमस्कार श्रोतेहो, वारा सुटला की प्रदूषण गेलं असं आपण सगळेच धरून चालतो ना, पण डोंगराच्या पायथ्याशी जी मैदानं असतात तिथं हे खरं नाही, कारण तिथला वारा दिवसातून दोनदा उलटा फिरतो.

दिवसा ऊन पडलं की डोंगराचे उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा हलकी होऊन वर चढायला लागते, मग तिची जागा घ्यायला मैदानातली हवा दरीत शिरते आणि येताना गाड्यांचा, कारखान्यांचा, शेतात जाळलेल्या काडीकचऱ्याचा धूर पण घेऊन येते. नेपाळमधे एव्हरेस्टजवळ 5079 मीटर उंचीवर एक संशोधन केंद्र आहे, जवळपास एक कारखाना नाही, तरी पावसाळ्याआधीच्या महिन्यांत दुपारनंतर तिथल्या हवेत काजळी वाढते, ती खालूनच आलेली असते. ती बर्फावर बसली की बर्फ जास्त ऊन शोषून लवकर वितळतो, हे मला फार गंभीर वाटतं.

सूर्य मावळला की उतार पटकन गार होतात आणि थंड, जड हवा दरीतून खाली मैदानाकडे वाहायला लागते. दरीच्या तोंडाशी हा वारा चांगलाच जोरात असतो, त्यामुळे तिथली हवा रात्री साफही होऊ शकते, पण वर दरीतच वस्ती आणि भट्ट्या असतील तर त्यांचा धूर थेट खालच्यांच्या नाकात. पुढे मैदानात ही गार हवा जमिनीलगत पसरते, तिच्यावर उबदार हवा झाकणासारखी बसते, यालाच इन्व्हर्जन म्हणतात, आणि हिवाळ्याच्या रात्री सगळा धूर खालच्या पातळ थरात कोंडतो. वाराच पडला तर काय होतं ते बेल्जियममधल्या म्यूज नदीच्या दरीनं डिसेंबर 1930 मधे पाहिलंय, काही दिवसांत 60 हून जास्त माणसं गेली.

आता एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही. दिवसा वर गेलेला धूर संपत नाही, त्यातला बराचसा उंचावर थर करून रात्रभर तरंगत राहतो, मैदानाकडे सरकतो, आणि सकाळी जमीन तापून हवा ढवळली की परत खाली उतरतो, म्हणजे कालचाच धूर आज पुन्हा श्वासात. उत्तर चीनच्या मैदानात, ताइहांग डोंगररांगेच्या पायथ्याशी, या ये-जा करणाऱ्या वाऱ्यांचा बराच अभ्यास झालाय.

म्हणून कळकळीनं सांगतो, पायथ्याशी कारखान्याची जागा ठरवताना नुसता दुपारचा वारा बघू नका. रात्रीचा बघा, हिवाळ्यातला तर बघाच, आणि मोजणी फक्त जमिनीवर न करता बलून सोडून वरच्या थरातली पण करा, दरीतल्या आणि मैदानातल्या दोन्ही प्रशासनांनी मिळून.