सर्नपिडालचा चंद्र, रामबागेतली आरास

हा चंद्र नीट बघा. रद्दी पेपरच्या पट्ट्या, मैद्याची खळ आणि आत फुगा. चार थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, आता भादव्यात इंदूरच्या हवेत वाळणार काय, म्हणून हा टेबलफॅन रात्रभर चालू आहे, मागे घरघर ऐकू येतेय ती त्याचीच. शेवटचा थर ओला असतानाच दादा चमच्याच्या पाठीने खड्डे पाडतोय. सकाळी सुई टोचून फुगा फोडला की करडा रंग, मग दोरी.

रामबाग, इंदूर. जुन्या घराचा वरचा मजला. अनंत चतुर्दशीपर्यंतचा गणपती, आरास दरवर्षी असते, कधी किल्ला, कधी पंढरीची वारी. ह्या वर्षी भावंडांनी ठरवलं की च्युबाका मरतो तो प्रसंग करायचा.

स्टार वॉर्स, म्हणजे अंतराळातल्या लढायांची ती पिक्चरमालिका, ज्यांनी पाहिलीय त्यांना च्युबाका सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की १९७७ च्या पहिल्या पिक्चरपासून यान चालवणाऱ्या हान सोलोच्या शेजारच्या सीटवर बसलेला तो उंच केसाळ गडी, वुकी जमातीचा. हानने त्याचा जीव वाचवला म्हणून तो जन्मभर त्याच्या ऋणात, आणि पुढे हानच्या बायकोमुलांच्याही. एक शब्द कळेल असा बोलत नाही, नुसता ओरडतो, आणि तरी त्याचं सगळं कळतं.

आता ताईचे हात बघा. सियागंजातून सुतळीचा गुंडा आणलाय, तिचा पीळ सोडवायचा, तुकडे करायचे, जुन्या कंगव्याने विंचरायचे, मग चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचे म्हणजे तो तपकिरी रंग येतो. चिकटवायचं खालून वर, पायापासून डोक्यापर्यंत, कौलं घालतात तसं, एकावर एक चढवत. दोन संध्याकाळी ह्यातच गेल्या. खऱ्या शूटिंगचा तो पोशाख याकच्या केसांचा आणि मोहेर लोकरीचा होता, आत पीटर मेह्यू नावाचा सात फूट तीन इंचाचा माणूस. इथे वीतभर लाकडी बाहुला आहे, पण ताईने खांद्यावरचा दारूगोळ्याचा पट्टासुद्धा सोडला नाही, आगपेटीच्या काड्या कापून लावल्यात.

आजी आल्या, चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "हा कोण रे, जांबुवंत का?" सगळे हसले. पण आजींचा अंदाज फार लांब नव्हता, च्युबाकाचा आवाज ज्यांनी बनवला त्या बेन बर्ट यांनी तो मुख्यत्वे अस्वलाच्या आवाजावरूनच बनवला होता. मग दादाने आजींना खुर्चीवर बसवून सगळी गोष्ट सांगितली, ती तशीच देतोय.

ऑक्टोबर १९९९. आर. ए. साल्वाटोर यांची व्हेक्टर प्राइम ही कादंबरी आली. पिक्चरच्या कथेनंतरचा काळ, हान आणि त्याची बायको लेया ह्यांची मुलं मोठी झालेली. युझान वाँग नावाचे आक्रमक आकाशगंगेच्या बाहेरून आलेत आणि त्यांनी सर्नपिडाल ह्या ग्रहावर त्याचाच चंद्र खाली ओढायला घेतलाय. हान, च्युबाका आणि हानचा धाकटा मुलगा अनाकिन तिथे अडकलेत, जमेल तेवढ्या लोकांना हानच्या यानात, मिलेनियम फाल्कनमध्ये, कोंबतायत. शेवटी वेळच उरत नाही. च्युबाका पोराला उचलून वर हानच्या हातात देतो आणि स्वतः खाली राहतो. यान उडवायला अनाकिन बसतो, च्युबाकासाठी थांबलो तर सगळेच मरणार हे त्याला कळतं, तो यान वर घेतो, आणि बाप दारात उभा राहून बघत असतो की आपला मित्र दोन्ही हात उंचावून कोसळणाऱ्या चंद्रावर गरजतोय.

(इथे निवेदन नाही. दादा दोरी सोडतो, चंद्र हळूहळू खाली येतो. फक्त पंख्याचा आवाज.)

हा मृत्यू असाच घडला नाही, त्यावर बराच विचार झाला होता. तोपर्यंत गोष्ट अशी होती की कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या पिक्चरमधले मोठे लोक सुखरूप सुटणार हे आधीच माहीत. मग वाचणाऱ्याला भीती कशाची वाटायची? नवी एकोणीस कादंबऱ्यांची मालिका ठरत होती, तेव्हा जुन्यांपैकी कोणीतरी जायला हवं असं संपादक-लेखकांना वाटलं, पहिल्या पिक्चरचा नायक ल्यूक, त्याचंही नाव निघालं, ते स्टार वॉर्सचे जनक जॉर्ज लुकास यांनी मान्य केलं नाही, आणि मग च्युबाका. वाचक भयंकर चिडले, साल्वाटोरना नको नको ते लिहिलं गेलं. पण पुढच्या पुस्तकांनी हे मरण भोगलं, हे मला फार मोठं वाटतं. हान पोराला दोष देतो, "तू त्याला सोडून आलास" म्हणतो, घरातून निघून जातो. पुढे २००१ मध्ये अनाकिनही मरतो, आणि बापलेकांचं ते ओझं तोवर वाचकाच्याही छातीवर आलेलं असतं.

आणि ह्या सगळ्याची नोंद ठेवली जायची. लुकास यांच्या लुकासफिल्म कंपनीत लेलँड ची ह्यांनी २००० च्या सुमाराला होलोक्रॉन नावाचा डेटाबेस सुरू केला, कुठलं पात्र कधी जन्मलं, कुठे मेलं, कुठल्या पुस्तकात. त्यात पायऱ्याही होत्या, सगळ्यात वर पिक्चर, मग टीव्ही मालिका, खाली कादंबऱ्या-कॉमिक्स. म्हणजे कादंबरीतलं सत्य जरा कमी दर्जाचं, पण सत्यच.

२०१२ मध्ये डिस्नीने लुकासफिल्म घेतली. २५ एप्रिल २०१४ ला जाहीर झालं की नवे पिक्चर येणार, त्यासाठी आधीच्या कादंबऱ्यांतलं विश्व कॅननमधून, म्हणजे अधिकृत मानलेल्या गोष्टीतून, बाहेर, त्याला नाव लेजंड्स. एका दिवसात च्युबाका जिवंत झाला आणि अनाकिन सोलो जन्मलाच नाही असं ठरलं. ल्यूकची बायको मारा जेड, जी २००७ मध्ये एका कादंबरीत मारली गेली होती, तिचं लग्नही गेलं आणि मरणही गेलं.

हा धाकटा चुलतभाऊ, कॉलेजला आहे, पुस्तकं वाचलेली नाहीत, पिक्चर सगळे पाठ. त्याचं म्हणणं साधं आहे, "अरे भिया, तो जिवंत आहे ना, २०१५ च्या पिक्चरमध्ये दिसतो, मग आरास कसली करताय? मेला तर हान." दादा काही बोलला नाही, कपाटातून आपली प्रत काढून त्याच्या हातात दिली. ही ती प्रत. कणा मोडलाय, सेलोटेप पिवळी पडलीय, आणि ते पान आपोआप उघडतं.

मी दादाच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती काढली, १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला संपलं, शेकडो हस्तलिखितं ताडून बघितली. त्यात गणपतीने व्यासांसाठी महाभारत लिहून घेतलं ही कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. म्हणून ह्या मखरात बसलेल्या गणपतीच्या हातातली लेखणी कोणी काढून घेतली का? आणि त्या पंडितांकडे निदान पोथ्यांचा पुरावा होता. इथे कारण एवढंच की नव्या दिग्दर्शकांना हात मोकळे हवे होते. पुस्तकं अजून छापली जातात, लेजंड्सची पट्टी लावून, तेवढं बरं.

पुढचं थोडक्यात. हान २०१५ मध्ये स्वतःच्या मुलाच्या हातून गेला, ल्यूक २०१७ मध्ये, लेया २०१९ मध्ये. त्याच २०१९ च्या पिक्चरमध्ये च्युबाका बसलाय असं वाटलेलं यान फुटतं, आपण हादरतो, आणि थोड्याच वेळात कळतं की तो दुसऱ्या यानात होता. ज्याच्या मरणावर लोकांनी एवढी वर्षं काढली त्याच्याशी असं करायला नको होतं.

आता पाटी. चुलतभावाला त्यावर "लेजंड्स" लिहून हवं होतं, नाहीतर बघणाऱ्याला चुकीची माहिती जाईल म्हणे. दादा अडून बसला. अर्धा तास वाद, पोहे गार झाले, शेवटी आजी म्हणाल्या की कुठल्या पुस्तकातलं आहे ते लिहा ना, कीर्तनकार सांगतात तसं. ताईने खडूने लिहिलं ते हे: "च्युबाका, सर्नपिडाल. व्हेक्टर प्राइम, १९९९." चुलतभावाने वाचलं, मान हलवली, आणि आरतीला आलेल्या शेजारच्या काकूंना पहिल्यांदा गोष्ट सांगायला तोच पुढे झाला, चंद्राची दोरीसुद्धा त्याने दादाकडून मागून घेतली.