खळ्यावरचा वारा आणि मोटारीची परीक्षा

नमस्कार श्रोतेहो.

वाशीमकडच्या आमच्या गावात माय ज्वारी उपणायला उभी राहायची. वारा पडला की टोपली खाली ठेवायची अन् पुन्हा सुटायची वाट बघायची. कधी दुपारची दुपार जाई. पुढे हाताने फिरवायचा लोखंडी पंखा आला अन् हवा तेव्हा वारा मिळू लागला.

मोटारीची परीक्षा घेणाऱ्यांनाही असाच हुकमी वारा लागतो. त्यासाठी विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा बोगदा. मोठा पंखा हवा ढकलतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीतून ती सरळ होते अन् उभ्या गाडीवर येते. गाडीखालच्या काट्यावर कळतं, वारा तिला किती जोराने मागे लोटतोय. खरा रस्ता तर चाकांखालून मागे सरकत असतो, म्हणून चांगल्या बोगद्यात खाली पट्टाही पळवतात. धुराची बारीक रेघ सोडली की हवा कुठे अंगाला चिकटून जाते अन् कुठे फाटते, ते डोळ्यांनी दिसतं.

राईट बंधूंनी १९०१ साली सायकलच्या दुकानात असा बोगदा केला होता. सहा फूट लांब लाकडी पेटी, आतला काटा सायकलच्या स्पोकचा अन् करवतीच्या पात्यांचा! त्यात त्यांनी पंखांचे सुमारे २०० आकार तपासले. मला हे फार मोलाचं वाटतं. विमान उडालं ते त्यानंतर, १९०३ ला.

गाडीचं नाक टोकदार असलं म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. खरी मेख मागे असते. मागचा भाग एकदम तुटका असला की तिथे हवेचे भोवरे होतात, दाब उतरतो अन् गाडी मागे ओढली जाते. पाण्याच्या थेंबासारखा, पुढे गोल अन् मागे निमुळता आकार हवेला मानवतो. जर्मनीतल्या रुम्पलर नावाच्या अभियंत्याने १९२१ मध्ये तशी गाडी दाखवली. १९७९ ला ती बोगद्यात तपासली, तेव्हा तिचा रोधांक, म्हणजे आकारामुळे हवा किती अडवते ते सांगणारा आकडा (जितका कमी तितका बरा), फक्त ०.२८ निघाला. आजच्या कितीतरी गाड्यांचा याहून जास्त असतो.

आता आपल्या वाशीमवरूनच समृद्धी महामार्ग जातो. तिथे वेग ६० वरून १२० केला की हवेचा अडसर दुप्पट नाही, चौपट होतो, अन् तो कापायला इंजिनाला आठपट ताकद लावावी लागते. टपावर रिकामं कॅरियर असेल तर त्याचाही भार पेट्रोलवरच. मामाच्या गावाहून सामान आणून झालं असेल, तर पाना घ्या अन् तेवढं उतरवून ठेवा.