मूळ गाव कोणतं?

नाशिकला रामकुंडावर क्षेत्रोपाध्यांकडे, म्हणजे यजमानांच्या पिढ्यांची नोंद ठेवणाऱ्या तीर्थपुरोहितांकडे, गेलात की पहिला प्रश्न आडनावाचा. लगेच दुसरा, मूळ गाव कोणतं? तुम्ही सांगता पुणे, नाहीतर ठाणे. गुरुजी मान हलवतात. ते राहायचं गाव झालं. मूळ कोणतं?

नुसत्या आडनावावर त्यांचा भरवसा नसतो, आणि ते बरोबरच आहे. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही मुळात वतनं. एकमेकांशी काडीचं नातं नसलेली कितीतरी कुळं ती लावतात. गाव कळलं की मग नामावळीची वही निघते. प्रांत आणि समाज यांनुसार यजमान उपाध्यांच्या घराण्यांत वाटलेले असतात. म्हणून आधी आपले उपाध्ये शोधायचे, मग गाव, मग आपलं घराणं.

वहीतल्या लेखाचा मजकूर साधारण ठरलेला. अमुक गावचे अमुक, सोबत भाऊ, मुलगे. क्षेत्री आलो, यांना उपाध्ये मानलं, आमच्या वंशातला जो कोणी येईल त्यानंही यांनाच मानावं. खाली सही. म्हणजे खरं तर हा करार. वंशावळ त्यातून आपसूक तयार होत गेली. नुसत्या श्रद्धेवर या वह्या इतक्या टिकल्या नसत्या. कुणाची तरी रोजीरोटी त्यांत होती.

जुने लेख मोडी लिपीत आहेत. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही. त्यामुळे पणजोबांची सही समोर असते आणि पणतूला ती वाचता येत नाही. गुरुजी बोट ठेवून वाचून दाखवतात. मग मोबाइल निघतो, फोटो निघतो, घरच्या ग्रुपवर जातो.

आता थोडा हिशेब करू. पाच पिढ्या मागे गेलं, तर त्या एका पायरीवर आपले ३२ पूर्वज उभे असतात. सोळा पुरुष, सोळा बायका. वही मुख्यतः बापाच्या बापाची वाट धरते, म्हणजे ३२ पैकी एक. श्राद्धात गुरुजी पणजीचं नाव विचारतात तेव्हा घरातले एकमेकांकडे बघतात. तिच्या माहेरचं गाव तर कुणी विचारतही नाही.

रामकुंडापासून काळाराम मंदिर चालत जाण्याइतकं जवळ. २ मार्च १९३० रोजी तिथं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. लढा काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. पुढं १३ ऑक्टोबर १९३५ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्माला येणं आपल्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. १९५६ साली नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आणि लाखोंनी त्यांच्यासोबत. 'आपण कोण' याचं उत्तर या माणसांनी वंशावळीतून घेतलं नाही, ते स्वतः ठरवलं. त्यांच्या नातवंडांना पणजोबा शोधायचे, तर गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही आहे, शाळेतला जुना दाखला आहे. त्या कागदांत जातही लिहिलेली सापडते, जी मागे टाकायला ही माणसं निघाली होती.

वही बघायला नाशिकला येणार असाल, तर आधी आत्याला आणि मावशीला फोन करा. पणज्यांची नावं, त्यांची माहेरची गावं विचारून कागदावर उतरवून आणा. तुमचा नवा लेख लिहाल तेव्हा तीही लिहा, आणि लेकींची सुद्धा.